पह्यले शुगर पाहा

मे महिन्यातली दुपार. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या या गावाची गल्ली पार रिकामी आहे. मोबाइलवर तापमान ४५ अंश दिसतं आहे. आशाताईंनी पांढऱ्या दुपट्ट्यानं डोकं आणि तोंड गुंडाळलं आहे, फक्त डोळे उघडे. काखेत घरोघरच्या नोंदींचं रजिस्टर आहे. मी त्यांच्या मागोमाग सावली शोधत चालते आहे.

एका घरातून विशीतला पोरगा धावत बाहेर येतो. "ताई, बाबाले पाहून द्या नं जरा. ऊन लागलं वाट्टे."

छपरीत खाट आहे. कूलर घरघरतो आहे. खाटेवर पंचावन्न-साठीचे काका उताणे पडलेत. कपाळावर ओली पट्टी, तळपायांना कांद्याचा रस चोळलेला. उशाशी स्टीलच्या गिलासात गूळ घातलेलं कैरीचं पन्हं आणि हायवेवरच्या रसवंतीतून आणलेली उसाच्या रसाची पिशवी. घरच्यांनी उन्हावरचे माहीत असलेले सगळे उपाय मनापासून केलेत.

"दोन दिवसांपासून उलट्या करून राह्यले," काकू सांगतात. "तहान तं अशी का घागर रिती होईन. पाजलं का ओकून टाकतेत. रातभर लघवीले उठले. आन् आज सकायपासून बराबर बोलतच नाही."

दाराशी उभा असलेला शेजारी हळूच म्हणतो, "घेतली असन कुठी. वास पाहा नं तोंडाचा."

काकू वळून त्याच्याकडे बघतात. "जलमात शिवले नाही ते."

मी खाली वाकते. वास आहे खरा. जास्त पिकून उतरलेल्या फळाचा, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा असतो तसा. जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि चोरून मिळते हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गुंगीत पडलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला की गावाचं मन लगेच तिकडे जातं. हा वास मात्र अॅसिटोनचा आहे. तो काकांच्या स्वतःच्या शरीरात तयार होतो आहे.

आशाताई काखेत थर्मामीटर लावतात. ९९. अंग तापलेलं नाही. उष्माघातात ते १०४च्या पुढे जातं आणि माणूस बरळतो, इथे तसं काही नाही. इथे छाती भात्यागत वरखाली होते आहे. श्वास खोल, एका लयीत, न थांबता. कोसभर धावून आलेला माणूस घेतो तसे श्वास खाटेवर पडलेला माणूस घेतो आहे. आशाताई घड्याळ धरून मोजतात. मिनिटाला ३४.

"काकाले शुगर आहे नं? सुई चालू होती नं?"

काकू क्षणभर गप्प राहतात. "तीन दिवस झाले, बंद केली. पोटात काई जातच नाही, मंग सुई कायले टोचाची? शुगर एकदम उतरून जाईन म्हटलं."

आशाताई फोन लावतात. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ मॅडम स्कूटीवरून पोचतात तोवर काकूंचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहतं. ते चुकीचं आहे आणि तरीही किती समंजस वाटतं! जेवण नाही, तर साखर कुठून येणार? पण साखर फक्त ताटातून येत नाही. आजारपणात, जंतुसंसर्गात, ताणात यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, नवी बनवतंसुद्धा. अंगातली ताणाची संप्रेरकं इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. म्हणून उपाशीपोटीही साखर चढते. अशा दिवसांत शरीराला इन्सुलिनची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी सुई बंद होते.

सीएचओ मॅडम येतात त्या सरळ खाटेपाशी. ग्लुकोमीटर काढण्याआधी काकांचं बोट साध्या पाण्यानं धुतात, पुसून कोरडं करतात. बोटाला गुळाचा अंश लागलेला असला तर आकडा खोटा येतो. मग टोचणी, रक्ताचा एक थेंब, पट्टी. पाच सेकंदांत पडद्यावर उत्तर येतं. आकडा नाही, फक्त 'हाय'.

"मशीन बिघडली का मॅडम?" पोरगा विचारतो.

"मशीन बरोबर आहे. शुगर सहाशेच्या वर आहे, मशीनला मोजता येत नाही एवढी." हे सांगता सांगताच त्यांनी १०८ लावला आहे. त्या ठरलेल्या क्रमानं बोलतात: वय, शुगरचा रुग्ण, इन्सुलिन बंद, गुंगी, श्वास ३४, नाडी १२४, ग्लुकोमीटरवर 'हाय'.

फोन ठेवून त्या काकांना कुशीवर वळवतात. पन्ह्याचा गिलास उचलून काकूंच्या हातात देतात. "आता तोंडात काहीच घालू नका, काकू. पाणीसुद्धा नाही. गुंगीत ठसका लागला तर ते फुफ्फुसात जातं." त्यांच्या आवाजात दोष देणं नाही. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती उभीच राहते, सावकाश खाली बसते. जीभ कोरडी ठक्क. शुगर एवढी चढली की मूत्रपिंडं ती लघवीतून बाहेर टाकतात आणि सोबत अंगातलं पाणी ओढून नेतात. दोन दिवस हेच चाललं आहे. वरून उलट्या, वरून हा मे महिना.

"कुठे जखम-बिखम?" त्या विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता डाव्या पायाची चिंधी सोडतात.

करंगळीच्या बुडाशी काळपट भोक. भोवतीची कातडी लालजांभळी, फुगलेली. पोरगा ओशाळून सांगतो, "वावरात पऱ्हाटी उपटून राह्यलो होतो. खुंट रुतला होता आठ रोज झाले. बाबा म्हणे, दुखत नाही काई."

दुखणार कसं? बारा वर्षांच्या मधुमेहानं तळव्याच्या नसा बधिर केल्यात. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं करायचं, हे वर्ध्याच्या प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याचं उन्हाळ्यातलं काम. ते अनवाणी किंवा झिजक्या चपलेत होतं. एका खुंटानं पू धरला, पुवानं शुगर चढवली, चढलेल्या शुगरनं मळमळ आणली, मळमळीनं जेवण तोडलं आणि जेवण तुटलं म्हणून सुई थांबली. आपण छपरीत उभे आहोत ते या साखळीच्या शेवटच्या कडीपाशी.

रुग्णवाहिका येते. तिच्यातले डॉक्टर हातात सुई लावून साध्या मिठाच्या पाण्याची बाटली, नॉर्मल सलाईन, जोरात सोडतात. गाडी हायवेला लागते. पवनारला धाम नदीचा पूल मागे पडतो, पात्रात खडकच जास्त दिसताहेत. पोरगा बाटली वर धरून बसला आहे. नजर वडिलांच्या छातीवरून हलत नाही.

सेवाग्राम. कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय आणि १९६९मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी इथे उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय. खेड्यातल्या माणसासाठी खेड्यातच डॉक्टर घडवायचे, हा त्यामागचा हेतू. आकस्मिक विभागाच्या दारात ट्रॉलीवर धोतर, लुगडी आणि धुळीनं भरलेले पाय बघितले की तो हेतू कुणी समजावून सांगावा लागत नाही.

निवासी डॉक्टर तिशीच्या आतल्या आहेत. त्या काकांच्या छातीकडे बघतात, वाकून वास घेतात आणि रिपोर्टची वाट न बघता सिस्टरना सांगतात, "कीटोन बघा, गॅस पाठवा, ईसीजी काढा." शरीराला साखर वापरता येत नाही तेव्हा ते चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं निघतात. रक्त आंबट होतं आणि ते आम्ल फुंकून टाकायला फुफ्फुसं धडपडतात. हा खोल श्वास १८७४मध्ये जर्मन डॉक्टर अॅडॉल्फ कुसमाउल यांनी नीट टिपून ठेवला. त्या काळी हा श्वास सुरू झाला की माणूस गेल्यातच जमा. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि ती शिक्षा उठली. शंभर वर्षं झाली. तरीही आज कुणी यानं दगावतं, ते बहुतेक उशिरा ओळखल्यामुळे किंवा सुई थांबल्यामुळे.

सिस्टर लघवीत पट्टी बुडवतात. पट्टी गडद जांभळी होते. रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, म्हणजे गॅसचा, कागद येतो. रक्ताचा पीएच ७.०६; निरोगी माणसात तो ७.३५च्या खाली नसतो. बायकार्बोनेट ७, जे २२च्या वर हवं. साखर ६४२. ईसीजीत हार्ट अटॅक नाही. तो बघावाच लागतो, कारण मधुमेही माणसाला छातीत कळ न येताही अटॅक येतो आणि शुगर अशीच भडकते.

पहिला लिटर संपून दुसरी बाटली लागली आहे. पोरगा आता धीर सोडतो. "मॅडम, पाणीच पाणी देऊन राह्यले. इन्सुलिन द्या नं! तेच तं बंद होतं."

डॉक्टर हातातला आणखी एक कागद त्याला दाखवतात. "हे पोटॅशियम. ३.१. हे ३.५च्या वर गेल्याशिवाय मी इन्सुलिन देणार नाही."

तो नुसता बघत राहतो. डॉक्टर दोन मिनिटं काढतात. या धावपळीत दोन मिनिटं म्हणजे पुष्कळ. "लघवीतून आणि उलटीतून अंगातलं पोटॅशियम निघून गेलंय. इन्सुलिन साखरेला पेशीत ढकलतं, तसं रक्तातलं पोटॅशियमही आत ढकलतं. आधीच कमी असलेलं आणखी उतरलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. शुगर उतरेल आणि बाबा जातील. म्हणून आधी पाणी, मग पोटॅशियम, मग इन्सुलिन. पाण्यानंही शुगर उतरते, बघ तू."

मॉनिटरवर ठोक्यांची हिरवी रेघ धावते आहे. पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून तासाला २० मिलिमोल या वेगानं जातं. त्याहून घाई केली तर तेच पोटॅशियम हृदय थांबवतं. दोन्ही बाजूंना धोका आहे आणि मधली वाट आकड्यांनी आखलेली आहे. मला या ठिकाणी पहिल्यांदा नीट दिसतं की हा आजार औषधाच्या एका इंजेक्शननं बरा होत नाही. तो कुणीतरी तासन् तास उशाशी उभं राहिल्यानं बरा होतो.

साडेसातला पोटॅशियम ३.६ येतं. साखर नुसत्या पाण्यानं ५४०वर आली आहे. आता इन्सुलिन. वजन ५२ किलो, म्हणून तासाला ५ युनिट. सिस्टर सिरिंज पंप लावतात. पंपाचा दांडा सरकतो आहे की नाही हे डोळ्यांना कळतही नाही.

"एवढंसंच?" काकू विचारतात.

"ठिबक लावता नं वावरात? तसं. एकदम पाट सोडला तं मुळं सडतेत," सिस्टर म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात.

दर तासाला बोट टोचलं जातं. भिंतीला टेकवलेल्या तक्त्यावर आकडे उतरत जातात: ४७८, ४१५, ३६०. तासाला साधारण साठनं खाली. याहून झपाट्यानं उतरवायचं नाही. साखरेसोबत रक्ताची दाटी एकदम बदलली तर मेंदूला सूज येऊ शकते. सर्जरीचे डॉक्टर येऊन पायाची जखम उघडतात, पू काढतात. प्रतिजैविकं सुरू झालीत. मूळ कारण तसंच ठेवून आकडा खाली आणण्यात अर्थ नसतो.

रात्री साडेबाराला २४०. पोरगा उठून बसतो. चेहरा उजळतो. तेवढ्यात सिस्टर नवी बाटली टांगतात आणि तो तिच्यावरचं नाव वाचतो.

"डेक्स्ट्रोज? हे तं साखरेचं सलाईन होय नं? शुगरच्या पेशंटले?"

डॉक्टर रात्रीची ही तिसरी ट्रॉली घेताहेत, तरी थांबतात. "साखर उतरली, आम्ल अजून आहे. पीएच ७.२२ आलाय. आम्ल काढायचं काम इन्सुलिनच करतं, म्हणून ते बंद करता येत नाही. आणि ते चालू ठेवून साखर दिली नाही, तर शुगर फार खाली जाईल. म्हणून इन्सुलिन निम्मं आणि सोबत थोडी साखर." मग जाता जाता, "आकडा बरा दिसला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही."

पहाटे छातीचा भाता थांबलेला आहे. श्वास साधा, मिनिटाला १८. सातला पीएच ७.३४, बायकार्बोनेट १८. काका डोळे उघडतात, छताकडे बघतात, मग पोराकडे.

"पाणी दे बापा."

सिस्टर मान डोलावतात. पोरगा त्यांना टेकून बसवतो आणि एकेक घोट पाजतो. उलटी होत नाही. काकू पदर तोंडाशी धरून बाहेर जातात.

चहा-पोहे पोटात ठरल्यावर दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन पोटाच्या कातडीखाली टोचतात. पोरगा पंपाकडे बोट दाखवतो, "हे काढाचं का आता?" "दोन तासांनी," सिस्टर सांगतात. शिरेतलं इन्सुलिन काही मिनिटांतच संपतं आणि कातडीखालचं कामाला लागायला वेळ घेतं. मधे खंड पडला तर रात्रभराची मेहनत वाया जाऊन आम्ल परत चढतं.

या खाटेशेजारी रात्री आणखी दोघी आल्या. एक आजी, साखर ८००च्या वर, पण लघवीत कीटोन जवळजवळ नाही. हा त्याच आजाराचा सावकाश चढणारा भाऊबंद. म्हाताऱ्या माणसांत आठवडाभरात येतो, खोल श्वास नाही, वास नाही. फक्त पाणी आटत जातं आणि माणूस हळूहळू झोपेत उतरतो. घरचे म्हणतात, वय झालं. दुसरी, अकरावीतली मुलगी. तिला मधुमेह आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. महिनाभरात वजन उतरलं, तहान वाढली, पोट दुखलं, उलट्या झाल्या. घरचे पित्तावर औषध देत होते. तिघांना तीन वेगवेगळी नावं लागली होती: ऊन, वय, पित्त. तिघांचं खरं दुखणं एका थेंबात होतं.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनं भारतात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज दिला. म्हणजे हा आजार आता प्रत्येक गल्लीत आहे. मग त्याच्या धोक्याच्या खुणाही प्रत्येक गल्लीला पाठ हव्यात. सर्पदंश झाला तर कुठे पळायचं हे आपल्या खेड्यांना आता कळतं. उलटी, न भागणारी तहान, खोल श्वास आणि गुंगी एकत्र दिसली की आधी शुगर पाहायची, हेही तितकंच कळायला हवं. वीसेक रुपयांची एक पट्टी लागते. ती उपकेंद्रात कायम असली पाहिजे, सुट्टीच्या दिवशीही, आणि 'हाय' म्हणजे मशीन बिघडली असं नाही हे घरातल्या लेकरालाही ठाऊक पाहिजे. सेवाग्रामच्या पंपाला आणि मॉनिटरला काम करता आलं, कारण एका खेड्यातल्या छपरीत दोन बायांनी वेळेत प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सिस्टर काकूंना समोर बसवतात. सगळं सांगून झालं आहे. आता त्या परीक्षा घेताहेत.

"पुन्हा ताप आला, जेवण गेलं नाही, तर सुई?"

"बंद नाही कराची," काकू म्हणतात. "किती घ्याची ते फोन करून इचाराचं. पण आपल्या मनानं बंद नाही."

"शुगर कधी बघायची?"

"दर चार घंट्यानं. रातीबी."

"आणि दवाखान्यात कधी यायचं?"

"दोनदा तीनशेच्या वर आली तं. उलटी थांबत नसन, दम लागला, गुंगी आली, तं वाट नाही पाहाची. १०८."

"लाइट गेली, फ्रीज बंद. इन्सुलिन कुठे ठेवाल?"

"माठात ठेवतो," पोरगा मधेच बोलतो. "मातीच्या माठात, डबीत घालून. बाटलीले पाणी नाही लागलं पाह्यजे. उन्हात गाडीच्या डिक्कीत तं अजिबात नाही."

सिस्टर कार्डावर उपकेंद्राचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहितात. खाटेवरून काका सगळं ऐकताहेत. बँडेज बांधलेला पाय उशीवर आहे. आवाज अजून बारीक आहे, पण शब्द स्पष्ट येतात.

"आन् मी रोज पाय पाहीन. आरसा धरून, खालून. आन् बूट घातल्याबिगर वावरात नाही जाणार." थोडा दम खाऊन ते पुढे म्हणतात, "लिहा तेबी कार्डावर."

सिस्टर लिहितात.